ताटातला शंकरराव

गार्गीने लग्नाआधी कुशलला एकच अट घातली होती, आणि ती इतकी सोपी होती की कुशलला वाटलं, आपण फुकटात सुटलो.

"ताटात तांदूळ पसरून नाव लिहायले लावतील, तवा माझं नाव बदलवायचं नाही. गार्गी आहे ते गार्गीच लिहायचं. दुसरं काही लिहिलं तर मी तुमच्या गाडीत बसणार नाही. आईसोबत माघारी जाईन."

"हाव," कुशल म्हणाला. "त्यात काय."

अटीला कारण होतं. कुशलच्या संजीवनीआत्याने नव्या सुनेचं नाव साखरपुड्यातच ठरवून टाकलं होतं: पुष्पांजली. कोणी विचारलं नव्हतं, पण आत्या विचारण्याची वाट पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या. मोबाइलमध्ये गार्गीचा नंबरही त्यांनी पुष्पांजली याच नावाने ठेवला होता. त्यामुळे लग्नाच्या दिवशी कुशलने सगळा बंदोबस्त पुष्पांजलीच्या बाजूला लावला. धोका दुसरीकडून येईल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही, आणि डोक्याचा तर मुळी प्रश्नच नव्हता.

प्रश्न बोटाचा होता. कुशल चिखलीच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे कामाला. हर्रास, म्हणजे लिलाव, संपून माल कोणी घेतला हे ठरलं, की त्या व्यापाऱ्याचं नाव धान्याच्या ढिगावर बोटाने लिहायचं आणि माल काट्यावर घ्यायला हमालांना हाक द्यायची, "तोला बे." चिठ्ठी वाऱ्याने उडते, नाव उडत नाही. बाजारातला निम्मा माल शंकरराव उचलायचे, म्हणून निम्म्या ढिगांवर शंकरराव. लिहून लिहून या कामाची डोक्यातून बोटात बदली झाली होती. डोक्याला आता त्याची खबरही लागत नसे. मागच्या उन्हाळ्यात आईने गच्चीवर गहू वाळत घातला, कुशल फोनवर बोलत बोलत वर चक्कर मारून आला, आणि संध्याकाळी आई पाहते तर घरचा वर्षाचा गहू शंकररावांचा झालेला. सगळे हसले. हे लक्षण आहे, असं कोणालाच वाटलं नाही.

तर मेहकर रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. चिंतामणगुरुजींनी ताट पुढे ठेवलं, त्यात तांदूळ पसरून सपाट केले आणि कुशलच्या हातात अंगठी दिली. माणसं गोळा झाली. पुढचे वाकले, मागचे त्यांच्या खांद्यावरून वाकले. कुशल मनात म्हणत होता, पुष्पांजली नाही, पुष्पांजली नाही. तेवढ्यात गार्गीचे मामा, अर्जुनराव, गर्दीतून मजेत म्हणाले, "चला जावाईबापू, करून टाका नावावर."

समोर धान्य. भोवती गर्दी. नावावर करा. कुशलच्या बोटाला आणखी काय पाहिजे होतं.

त्याने लिहिलं, आणि अक्षर छान आलं म्हणून तो जरा खूशही झाला. गुरुजींनी सवयीने ताटात पाहिलं, सवयीने माइक तोंडाशी धरला आणि अर्थाकडे न जाता खणखणीत आवाजात वाचलं, "वधूचे नवीन नाव, शंकरराव."

मंडपातला कुलर ऐकू यायला लागला.

त्या शांततेत पहिल्या रांगेतले खरे शंकरराव सोफ्यावरून उठले. माइकवर आपलं नाव आलं म्हणजे शाल-टोपीचा सत्कार, हे त्यांना पाठ होतं. सदरा ओढून, केसांवरून हात फिरवून ते स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले. त्यांच्या मंडळी, शालूबाई, मागून हळूच म्हणाल्या, "अवो, ते तुम्हाले नाही बोलावून राह्यले. ते नवरीले बोलावून राह्यले." पण तोवर ते वर पोचले होते.

गार्गी ताटाकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायला आधी समजावं लागतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"मले माहीत नाही," कुशल म्हणाला. ते खरंच होतं.

"तुम्ही लिहिलं."

"मी नाही. बोटानं लिहिलं."

"बोट कोणाचं आहे?"

कुशल आपल्या बोटाकडे असा पाहत होता, जणू कोणीतरी ते त्याच्या हातावर विसरून गेलं होतं.

संजीवनीआत्या गर्दीतून पुढे आल्या. "पुष्पांजलीत काय वाईट होतं रे कुशल्या," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपायला लागल्या.

"आई," गार्गी म्हणाली, "आपली गाडी काढायले सांग."

पण तिची आई जागची हलायच्या आत शंकररावांनी ताटात डोकावून पाहिलं. स्वतःचं नाव पाहून ते क्षणभर थिजले, मग बाजाराची रीत आठवून सावरले. ज्याचं नाव ढिगावर पडलं, सौदा त्यानेच मोडायचा. दुसऱ्याने पुसलेलं चालत नाही. ते खाली वाकले, तळहात फिरवून नाव पुसलं, आणि हात धान्यात गेलाच आहे म्हणून एक दाणा दाताखाली फोडून पाहिला.

"मी सोडला," ते गंभीरपणे म्हणाले. "पण तांदूळ जुना आहे. चांगला आहे."

"आणा ती अंगठी," गार्गी म्हणाली. "जायच्या आधी मीच लिहिते, म्हणजे मागून कोणी काही लिहायचं नाही. स्वतःचं नाव लिहायले काय लागते माणसाले?"

गार्गी हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यात पहिलीच्या वर्गाला शिकवायची. ती पाटावर नीट बसली, तांदळावरून हात फिरवून जागा कोरी केली आणि झरझर लिहून मोकळी झाली.

गुरुजींनी या वेळी आधी मनात वाचलं. मग माइक दूर धरून हलक्या आवाजात म्हणाले, "नाव तसं बरं आहे. पण हेही पुल्लिंगीच आहे."

ताटात लिहिलं होतं: सुविचार.

वळणदार, ठसठशीत, खाली रेघ मारलेलं. रोज सकाळी शाळेत फळा पुसून झाला की गार्गी सगळ्यात वर हेच लिहायची. समोर सपाट आणि कोरं काही आलं, की हात दुसरं काय लिहिणार.

गार्गीने हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तोच हात होता. मेंदीसुद्धा तीच होती.

"बोट कोणाचं आहे?" कुशलने विचारलं. टोमणा म्हणून नाही. त्याला खरंच माहिती पाहिजे होती.

गार्गीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आईने विचारलं, "गाडीचं काय करू वं?" तर ती म्हणाली, "थांब जराशी."

मग तिने 'सुविचार' पुसलं आणि अंगठी कुशलच्या बोटांत पक्की धरवली.

"मी सांगते तसं लिहा. तुमच्या मनानं एक अक्षर काढू नका. ग."

कुशलने ग काढला.

"त्याले काना. आता परत ग. त्याले दुसरी वेलांटी. पहिली नाही, दुसरी. आता तिच्यावर रफार."

कुशल पहिलीतल्या पोरासारखा, जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत गेला. अख्खा मंडप उभा राहून पाहत होता. गुरुजींनी वाचलं, परत वाचलं, खात्रीसाठी शंकररावांकडून वाचून घेतलं आणि मगच माइक तोंडाशी नेला. "वधूचे नाव, गार्गी."

जमलं. नाव पूर्ण झालं. आणि नाव पूर्ण झालं की पुढे जे व्हायचं, ते कुशलच्या तोंडातून गुरुजींच्या माइकवर गेलं.

"तोला बे."

मागच्या रांगेत जेवायच्या हाकेची वाट पाहत बसलेले बाजारातले दोन हमाल ताडकन उठले, धावत स्टेजवर आले आणि त्यातल्या एकाने ताटाची कड धरलीसुद्धा. मग दोघंही तसेच थांबले. आपण इथे कसे आलो, हे त्यांना कळेना.

"बसा," गार्गी म्हणाली.

वर्गातला आवाज होता. हमाल बसले. गुरुजी बसले. शंकरराव स्टेजवरच मांडी घालून बसले. अर्जुनराव हातात पाण्याचा ग्लास घेऊन होते तिथेच खाली बसले. उभा असलेला अख्खा मंडप बसला आणि सगळ्यांनी हाताची घडी घातली.

गार्गीने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग आत्यांच्या हातातला मोबाइल घेतला, त्यातली पुष्पांजली काढून तिथे गार्गी लिहिलं, दोनदा वाचून पाहिलं, आणि जाऊन कुशलच्या गाडीत बसली.