दारावर उलट्या टांगलेल्या कोरफडीची अकरा पानं

मी एक म्हातारी, काटेरी आणि तोंडाची कडू कोरफड आहे. मित्रांनो, गोड बोलणं मला जमत नाही. माझ्या सालीखाली पिवळा चीक असतो, तो जिभेला लागला तर तासभर थुंकत बसाल. तो निथळून गेला की आत थंडगार गर लागतो. माझी गोष्टही तशीच आहे, पण तिचा चीक जरा जास्तच आहे.

माझा जन्म पापनाशमजवळच्या एका खेड्यात, कालव्याच्या बांधावर झाला. आमचं कूळ फार जुनं. वैद्य आम्हाला कुमारी म्हणत आले, तमिळ शेजारी कत्ताळै म्हणतात. भाजलं, खरचटलं, डोक्यात कोंडा झाला, की लोकांना आमची आठवण होते. एरवी कुणी ढुंकून बघत नाही. बांधाचे मालक भीमसेनराव मात्र जाता-येता आमच्याकडे बघत. भातकापणीत कुणाला विळा लागला की ते आमचं एक पान कापत. आधी ते उभं करून ठेवत, पिवळा चीक पुरता निथळू देत, मग साल काढून गर सात पाण्यांनी धूत. ही रीत त्यांनी आपल्या लेकीला, वसुमतीला शिकवली. लग्न होऊन ती तंजावूरला निघाली तेव्हा तिनं आमच्यातलं एक पिल्लू कुंडीत घालून नेलं. ते पिल्लू म्हणजे मीच.

राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर. नवरा रघोजी, सरकारी कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती, गल्लीत सगळ्यांशी मऊ बोलणं. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय! लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात त्यानं तिला भिंतीवर ढकललं. आमटीत मीठ जास्त झालं होतं म्हणे. मित्रांनो, कारणं मी सांगत बसणार नाही. मारणाऱ्याला कारण कधी कमी पडत नाही.

वर्षं गेली, हरिणी झाली, मोठी झाली, मार काही थांबला नाही. मग रघोजीची बढती हुकली. कुणीतरी त्याच्या कानात भरवलं की घराला दृष्ट लागली आहे. अमावास्येला त्यानं मला कुंडीतून मुळासकट उपटलं, हळद-कुंकू फासलं, आणि जाड दोऱ्यानं मुळं वर, पानं खाली असं दारावर टांगलं. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दाराला अशी एक लोंबतेच. आम्ही मातीवाचून, पाण्यावाचून महिनेच्या महिने जगतो, म्हणून लोकांना वाटतं की बाहेरची पीडा आम्ही अडवतो. अरे, पण पीडा बाहेरून येत असेल तर ना! मी उलटी लोंबत होते, माझं निम्मं अंग घरात होतं आणि मला सगळं दिसत होतं.

टांगलं तेव्हा मला अकरा पानं होती.

पहिलं पान गेलं ते वसुमतीच्या मनगटासाठी. त्यानं उकळत्या पेजेचं भांडं लाथाडलं होतं. दुसरं ओठासाठी, तिसरं कानामागच्या चिरेसाठी. स्टुलावर चढून ती पान कापायची, पेल्यात उभं करायची, सात वेळा धुवायची. हात सरावाचे झाले होते. ती शाळेत शिकवायची, म्हणून डाग लवकर जायला हवे असायचे. शाळेतल्या बायांनी विचारलं तर उत्तर तयार: दोसाक्कल्लू लागला. त्या बिचाऱ्या दोश्याच्या तव्यावर तिनं किती आळ घेतले! आणि मी? मी गर देत राहिले. माझ्या थंडाव्यानं कातडी नीट झाली की तो पुन्हा मोकळा. खरं सांगते, मला माझ्याच गुणाची चीड यायला लागली.

समोर कनकलतामावशी राहायच्या. गल्लीत मराठी कळणारं आता त्यांचंच एक घर उरलेलं. बाकी सगळे तमिळ. रघोजी शिव्या द्यायचा त्या मराठीत, वसुमती रडायची तीही मराठीत, त्यामुळे गल्लीला आवाज ऐकू यायचा, अर्थ नाही. मावशींना अर्थ कळायचा. त्या वसुमतीला म्हणायच्या, आपलेच दात, आपलेच ओठ, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वर लोंबत ऐकायची आणि उरलेली पानं मोजायची. आता दोनच होती.

मग तो रविवार आला. सकाळी दोसे चालले होते. चटणी पातळ झाली, एवढंच. रघोजीनं तापलेला तवा उचलून भिरकावला. वसुमती बाजूला झाली, मागून हरिणी ताटली घेऊन येत होती. तवा तिच्या हातावर आदळला. कातडीचा वास माझ्यापर्यंत आला. दहा वर्षांची पोर, पण ओरडली नाही. तिनं स्टूल ओढलं, चाकू घेतला आणि भाजलेला हात पोटाशी धरून दुसऱ्या हातानं माझं पान कापलं. पेल्यात उभं केलं, साल सोलली, धुवायला लागली. एक, दोन, तीन. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं.

चौथ्या पाण्याला ती आईकडे वळली.

"अम्मा, शाळेत काय सांगू? दोसाक्कल्लू लागला म्हणू, की जिन्यावरून पडले म्हणू?"

 वसुमतीनं लेकीच्या हातातून तो गर काढून घेतला.

"पुरे. आता धू नको."

तिनं पोरीचा हात बराच वेळ नळाखाली धरला, ओलं स्वच्छ फडकं सैल गुंडाळलं आणि तिला घेऊन दाराशी आली. रघोजी आडवा उभा राहिला. कुठं निघालात म्हणून त्यानं वसुमतीचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. मी गदागदा हलले. मित्रांनो, गोष्टीतलं झाड असते तर त्याच क्षणी तुटून त्याच्या डोक्यात पडले असते. पण दोरा पक्का होता. मी नुसती लोंबत राहिले. त्या वेळची माझी लाचारी मला आजही टोचते.

वाचवलं तिचं तिनंच. केस त्याच्या मुठीत, कपाळावरून रक्त गळतंय, अशी ती गल्लीकडे तोंड करून मोठ्यानं बोलली. मराठीत नाही, तमिळमध्ये.

"ह्यांनी माझ्या लेकीला भाजलं. मला बारा वर्षं मारतात. सगळ्यांनी बघा."

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. फुलवाली उठून उभी राहिली. रघोजीनं चटकन केस सोडले आणि शर्ट नीट केला. लोकांच्या नजरेची एवढीच काय ती त्याला भीती होती. कनकलतामावशी अनवाणीच धावत आल्या, एका हातानं हरिणीला धरलं, दुसऱ्यानं रिक्षा थांबवली. आधी इस्पितळ, मग महिला पोलीस ठाणं. दोन्हीकडे वसुमतीनं खरं तेच सांगितलं, आणि मावशींनी ऐकलेलं सगळं साक्षीत उतरवून दिलं.

चार दिवसांनी पोलीसबाईला सोबत घेऊन ती सामान न्यायला आली. जाता जाता स्टुलावर चढली आणि दोरा कापला. दृष्टीसाठीचं आहे, राहू दे, असं रघोजी खालच्या आवाजात म्हणाला. तिनं मला पिशवीत घातलं आणि दार ओलांडलं.

आता मी पुन्हा बांधावर आहे, मुळं खाली, डोकं वर. लावताना भीमसेनरावांनी माझ्या बुंध्यावरून बोटं फिरवली. कापलेल्या पानांचे खुंट हाताला लागले. दहा. त्यांना माझी सगळी भाषा कळते.

"एवढी पानं कशाला लागली, पोरी?"

वसुमती चिखलात त्यांच्याजवळ बसली आणि एकेका खुंटावर बोट ठेवून सांगत गेली. सांगून होईपर्यंत ऊन बांधावरून उतरलं होतं. भीमसेनराव रडले. आपण लेकीला पान धुवायला शिकवलं, बोलायला शिकवलं नाही, असं म्हणत राहिले.

खटला चालू आहे. हरिणीच्या हातावर डाग राहिला आहे, तो माझ्यानं जायचा नाही. मोठ्या भाजण्याला डॉक्टरच लागतो, मित्रांनो, माझ्यावर विसंबू नका. आणि माझा चीक न निथळता कधी वापरू नका.

आणखी एक मागणं आहे. परवा शेजारची नित्या गुडघा फोडून आली. हरिणी चाकू घेऊन माझ्यापाशी वाकली, पण तिनं पान कापलं नाही. आधी नित्याकडे बघितलं.

"कसं लागलं? खरं सांग."

सायकलवरून, नित्या म्हणाली, आणि हसली. मगच हरिणीनं पान कापलं. तुम्हीही तेवढं करा. आधी विचारा, मग मला तोडा.