भोकांचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पूर्वी पांढरा होतो. आता कसा आहे ते विचारू नका. ज्यांनी मला घडवलं त्यांना त्यांची मुलगी बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांच्या शेवटच्या साध्या दिवशी ते मला गच्चीवर ऊन दाखवत होते.

मंगळवार होता. बाबांनी मला कठड्यावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि कुठे कसर लागली आहे का ते बोटभर बोटभर तपासत बसले. मुलगी चहा घेऊन वर आली. ती नाचते. गावोगाव तिचे प्रयोग असतात आणि महिन्यातून एकदा ती घरी येते.

"हे अजून ठेवलंय तुम्ही?" ती म्हणाली.

"ठेवलंय म्हणजे? तो काय भाडेकरू आहे, काढून टाकायला?"

"आत्या म्हणते, याची पायपुसणी चांगली होतील."

"ती माझंसुद्धा पायपुसणं करेल. साखर घातलीस का यात?"

"अर्धा चमचा."

"मग गरम पाणी म्हण ना सरळ."

ती हसली. मग माझा काठ दोन बोटांत धरून तिने म्हटलं, "बाबा, एखाद्या प्रयोगाला या ना. तीन वर्षांत एकदाही आला नाहीत."

"येईन की."

"तुम्ही असंच म्हणता."

बाबा पुन्हा कसर शोधू लागले. ती काहीतरी बोलणार होती. मला कळलं, कारण काठावरची तिची बोटं घट्ट झाली. पण ती म्हणाली, "बस चुकेल माझी," आणि कपबशी उचलून खाली गेली. बाबांनी उन्हाच्या उबेसकट माझी घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते स्टुलावर बसले, ते उठले नाहीत.

ती काय बोलणार होती, ते कळायला माझा जन्म ऐकावा लागेल.

बाबा थेटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. थेटर बंद पडलं आणि तिथे सोफ्यांचं गोदाम झालं. ज्या दिवशी खुर्च्या उचकटल्या त्या दिवशी बाबा मांजरपाटाचा तागा घेऊन बहिणीकडे गेले. मुलीची ही आत्या शिवणकाम करते. तिने पाच पन्हे जोडले, काठात दोर ओवला, पितळी कड्या ठोकल्या आणि आठ दिवस तोंड चालवलं.

"चादरी शिवून घेणारे पुष्कळ बघितले मी. एवढा पलंग कुणाचा आहे, ते तरी सांग."

"तळ्याकाठी लावणार. लोक बाहेर बसून बघतील."

"लोकांना घरात छप्पर आहे, दादा."

पहिल्याच संध्याकाळी माझी शोभा झाली. तळ्यावरून दिवेलागणीला वारा सुटतो, आणि सुटला की तासभर थांबत नाही. मी मूर्खासारखा फुगलो, दोर तोडला आणि पहिल्या रांगेच्या डोक्यावर जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला जमिनीवर अंथरलं, कात्री घेतली आणि माझ्या अंगावर चंद्रकोरीच्या आकाराच्या चिरा पाडायला सुरुवात केली. एकूण छत्तीस. आत्याने कपाळावर हात मारला.

"मी आठ दिवस शिवलं, आणि तू कापतोस?"

"वाऱ्याला जायला वाट नको का? नाहीतर तो मलाच घेऊन जाईल."

पुढे वीस वर्षं मी त्या वाऱ्यात ताठ उभा राहिलो. प्रकाश पडला की चिरा दिसत नाहीत. अंधार व्हायच्या आधी मात्र दिसतात, आणि शहाणी माणसं अंधार होईपर्यंत थांबत नाहीत. "फाटका आहे हो," असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल.

बाबांनी याच काळात एक चित्रपट केला. चित्रपट कसला, दरवर्षी त्याच दिवशी, बांधावरच्या त्याच दगडावर कॅमेरा ठेवून ते तळं टिपायचे. पहिल्या वर्षी पाणी दगडाला लागलेलं. मग हातभर मागे. मग बैलगाडीभर. वर एक कारखाना आला, एक वसाहत आली, आणि पाणी दरवर्षी थोडं थोडं सरकत गेलं, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये अशा बेताने. एकोणीस वर्षांचं तळं अठरा मिनिटांत. त्यात कुणी बोलत नाही.

त्यावर नाच मुलीने बसवला. मला बांधावर टांगायचं, लोकांनी कोरड्या पडलेल्या तळात बसायचं, म्हणजे जिथे पूर्वी गळ्याइतकं पाणी होतं तिथे. पहिल्या वर्षाचं पाणी माझ्यावर दिसलं की ती माझ्या पायाशी नाचायला लागायची, घोटाभर पाण्यात नाचावं तशी, पावलं उचलून. पाणी मागे सरकलं की तीही सरकायची. माझ्यापासून दूर, लोकांमधून वाट काढत, पाण्यामागे. शेवटच्या वर्षी ती सगळ्यांच्या मागे पोचलेली असायची, तळाच्या मधोमध उरलेल्या ओल्या डबक्यात. तिला बघायचं तर लोकांना माझ्याकडे पाठ करावी लागे. मित्रांनो, आयुष्यात इतक्या पाठी मी पाहिल्या, पण अभिमान फक्त त्याच पाठींचा वाटला. मान वळवल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की आपण पाण्याच्या जागेवर बसलो आहोत. एकदा एक म्हातारी उठून उभीच राहिली आणि पुन्हा खाली बसेना.

मग मंडळ आलं.

पर्यावरण जागृतीचं काम करणारं मंडळ होतं. त्यांच्याजवळ बिल्ले होते, टोप्या होत्या, हिरव्या रंगाची प्लास्टिकची गवतं होती. आमचा प्रयोग पाहुण्यांना दाखवायचं ठरवून त्यांचे सचिव गळ्यात चष्मा अडकवून तळं बघायला आले आणि बूट चिखलात रुतल्यावर म्हणाले, "इथली व्यवस्था बघावी लागेल." व्यवस्था बघितली गेली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन ट्रक मुरूम येऊन त्या शेवटच्या ओल्या डबक्यात पडला. वर पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या होत्या. आटत चाललेल्या तळ्याविषयी लोकांना जागं करण्यासाठी ज्यांनी तळं बुजवलं, त्यांच्याविषयी मला जास्त काही म्हणायचं नाही. त्यांना स्वतःला त्यात काही दिसलं नाही. डबकं होतं, गैरसोय होती, दूर झाली.

"मग मी शेवटी कुठे जाऊ?" मुलीने विचारलं.

"मंचावरच नाचा ना," सचिव म्हणाले. "पाहुण्यांना माना वळवायला लावणं बरं दिसत नाही. एकाला तर मणक्याचा त्रास आहे."

तिने मान डोलावली. मंडळ तिला वीस गावांच्या दौऱ्यावर पाठवणार होतं. पडद्यासमोर नाचणारीला वीस गावांत कोण बोलावतं? तिने चार वर्षं वाट पाहिली होती. मला तिचा राग तेव्हा आला आणि अजून आहे, पण हेही सांगायला हवं.

जाता जाता सचिवांनी मला पाहिलं. "हा लावणार? याला भोकं आहेत. छायाचित्रात येतील."

बाबा म्हणाले, "ती भोकं ठेवलेली आहेत."

"हो, हो," सचिव म्हणाले. मूल चित्र दाखवतं तेव्हा मोठी माणसं म्हणतात तसं. मग मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी करा बुवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खांबांचे खड्डे खणायला तळ्यावर गेले आणि मुलगी मला रिक्षात घालून आत्याकडे घेऊन गेली. आत्याच्या मशीनवर बसून तिने एकेक चीर शिवायला घेतली.

"दादाला विचारलंस?" आत्या म्हणाली.

"हो."

"आणि तो हो म्हणाला?"

"म्हणाला, आत्या. एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

छत्तीस चिरा तिने नीट शिवल्या. लहानपणी आत्यानेच शिकवलं होतं तसा टाका, शेवटी तीनदा मागे घेतलेला. मशीनची सुई अंगातून जात असताना मी काय करू शकत होतो? मी कापड आहे. संध्याकाळी बाबांनी मला चढवलं तेव्हा ऊन डोळ्यावर होतं आणि त्यांचं सगळं लक्ष दोरांवर. त्यांना मी रोजचाच वाटलो.

पाहुणे उशिरा आले. भाषणं झाली. वसुंधरेला आई म्हणणारे तिघे होते. त्यातल्या दोघांनी पाण्याची बाटली खुर्चीखाली सोडून दिली. जनरेटर इतका घरघरत होता की पक्षी केव्हाच उडून गेले होते. मग दिवे गेले, माझ्यावर पहिल्या वर्षाचं पाणी आलं, मुलीने पाऊल उचललं, आणि वारा सुटला.

त्याला वाट नव्हती. मी फुगलो. तळं माझ्या पोटावर वेडंवाकडं झालं. बाबांनी धावत येऊन दोर धरला, तो त्यांच्या तळव्यांतून सोलत गेला. डावा खांब कलला, मोडला आणि मशीनवर पडला. बाबांचं मशीन होतं ते, थेटर बंद झाल्यावर त्यांनी मागून घेतलेलं. कुणाला लागलं नाही. पाहुण्यांपैकी एकाच्या कपड्यांवर धूळ उडाली.

सचिवांनी ध्वनिक्षेपक घेतला. "क्षमा असावी. तांत्रिक बाजू हौशी माणसांकडे होती." मग तसाच हातात धरून त्यांनी सगळ्यांदेखत मुलीला विचारलं, "पडदा कुणी तपासला होता?"

बाबा तिथेच होते. त्यांचे तळवे उघडे पडले होते.

"ते बाबांचं काम असतं," मुलगी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते मला गोळा करायला वाकले, आणि वाकल्यावर त्यांचं बोट एका शिवणीवरून गेलं. शेवटी तीनदा मागे घेतलेला टाका. बोट तिथे थांबलं. मग सचिवांकडे वळून ते म्हणाले, "माझंच चुकलं. बघायला हवं होतं."

तळवे बरे व्हायला पंधरा दिवस लागले. त्यानंतर त्यांनी ब्लेडने एकेक शिवण उसवली. आत्या पलीकडे बसली होती.

"ती मला म्हणाली, बाबांना विचारलंय. मी बोलू का तिच्याशी?"

"नाही."

"दादा, सगळं गाव तुला निष्काळजी म्हणतंय."

"तिची वीस गावं झाली की सांगेल ती. आपण होऊन सांगू दे."

वीसची चाळीस झाली, चाळीसची साठ. मंडळाने ट्रकवर बसवलेला विजेचा पडदा आणला. भर दुपारीसुद्धा दिसतो म्हणे. त्याच्यापुढे ती नाचत राहिली. बाबांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी पेटीत होतो. आपलं नाव कुठे निघालं तर लोक हसतील म्हणून बाबा तळ्याकडे जाणंही सोडून बसले, आणि त्या वर्षापासून तळं कुणी टिपलं नाही.

मित्रांनो, मुलांना काही शिकवण द्यावी अशी आमच्यासारख्या जुन्या वस्तूंकडून अपेक्षा असते. तर ऐका. एखादी वस्तू जपायची असेल तर आधी ती जशी आहे तशी का आहे, ते तिच्या माणसाला विचारा. मला जपायचं असेल तर मला शिवू नका. तळं जपायचं असेल तर त्यावर गाड्या लावू नका. टोप्या नंतर घाला.

बाबा गेल्यावर दहा दिवसांनी मंडळाने तळ्यावर शोकसभा ठेवली. ट्रकवरच्या पडद्यावर बाबांचा फोटो, त्याच्या कोपऱ्यात मंडळाचं चिन्ह. आत्याने मला पिशवीत घालून आणलं होतं. "त्याच्या माणसांत हा एकच शहाणा," ती म्हणाली. मंडळाच्या कार्यकर्त्याने पिशवी उघडली, मला पाहिलं आणि सतरंजी समजून अंथरलं. माझ्यावर सचिव बसले. बुटांसकट.

मग ते बोलायला उठले. "त्यांच्या हातून एकदा चूक झाली होती. आपण सर्वांनी ती पाहिली. पण आज मोठ्या मनाने आपण ती विसरू या."

आत्याने श्वास आत घेतला. मुलगी माझ्या काठावर बसली होती. तिची बोटं माझ्या एका चिरेत होती, जिथे सुईची भोकं अजून तशीच आहेत.

ती उठली. "सर, थोडं बाजूला व्हा. तुम्ही बाबांच्या पडद्यावर उभे आहात."

सचिव खाली बघत बाजूला झाले. "ताई, तुम्हाला आज त्रास होत असेल. बसा तुम्ही," ते म्हणाले, आणि कार्यकर्त्याला खूण केली. ध्वनिक्षेपक बंद झाला. वारा सुटला होता. ध्वनिक्षेपक बंद झाल्याचं तिला कळलं, म्हणून तिने आवाज चढवला.

"चिरा मी शिवल्या होत्या. छत्तीसच्या छत्तीस. बाबांना विचारलं नव्हतं, आत्याला मात्र विचारलंय म्हणून सांगितलं. तुम्ही इथेच उभे राहून मला विचारलंत, आणि मी म्हटलं, बाबांचं काम. त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. तीन वर्षं मी घरी जात होते, चहा करत होते आणि परत येत होते. त्यांची चूक नव्हती. बाबा, तुमची चूक नव्हती. मी शिवल्या."