तीस शब्दांचं प्रदर्शन

मी खोटं लिहिलेलं प्रदर्शन मंगळवारी सकाळी अकरा वाजता उघडलं, आणि आई ते पाहायला गेली.

यात आईची काही चूक नव्हती. दर मंगळवारी आमच्या पेपरच्या पुरवणीत माझं सदर येतं. या आठवड्यात शहरातल्या गॅलऱ्यांमध्ये पाहावीत अशी चार प्रदर्शनं, प्रत्येकाचे तीस शब्द. आईने सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात काढली. ती माझं सदर पेन्सिलीने खुणा करत वाचते, पाण्याची बाटली घेऊन निघते, चारही प्रदर्शनं बघते आणि एक वाजता जेवायला घरी असते. माझी इतकी निष्ठावान वाचक दुसरी नाही. खरं सांगायचं तर त्या चारांतली दोन मी स्वतः पाहिलेलीच नसतात. गॅलरीवाले माहितीचा कागद पाठवतात, त्यावरून मी लिहिते. न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, आणि याचा मला बरेच दिवस अभिमानही होता.

शनिवारी दुपारी खानविलकरांचा फोन आला. पुरवणीची पानं ते लावतात.

"गुप्तेबाई, तुमचं चौथं प्रदर्शन रद्द झालंय. पानात तीस शब्दांचं भोक पडलंय."

"किती वेळ आहे?"

"पान गेलंच समजा."

मी गॅसवरचा चहा उतरवला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "लिहा. आतल्या खोल्या. निरुपमा टिपणीस यांची चित्रं. एकामागून एक खोल्या, प्रत्येक खोलीत एकच चित्र, आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा थोडं मोठं. पाहायला निवांत वेळ काढून जा. वासंती चेंबर्स, तिसरा मजला. सकाळी अकरापासून."

"बरोब्बर तीस," खानविलकर म्हणाले.

निरुपमा टिपणीस नावाची चित्रकार नाही. वासंती चेंबर्स फोर्टमध्ये आहे, पण तिला दोनच मजले आहेत. तिसरा मी मुद्दाम सांगितला. कुणी गेलंच तर जिना संपेल आणि माणूस चरफडत परत येईल, असा माझा अंदाज होता.

मंगळवारी दोन वाजले तरी आई आली नव्हती. तिचं ताट झाकलेलं होतं. मी फोन लावला.

"उजू, फार खोल्या आहेत गं," ती म्हणाली.

"कुठे आहेस तू?"

"तुझ्या चौथ्यात."

त्यानंतर फोन बंद लागायला लागला. मी टॅक्सी केली.

वासंती चेंबर्सला तिसरा मजला होता. जिना नेहमीसारखा वर जात होता आणि कठडा बऱ्याच वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. वर दारापाशी एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या मांडीवर आमची पुरवणी होती.

"माझी आई आत आहे," मी म्हणाले. "पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली."

"असतील. सकाळपासून बरेच जण गेलेत."

"बाहेर किती आले?"

"कोण येणार? बंद व्हायची वेळच दिलेली नाही." त्याने पुरवणी माझ्यापुढे धरली. "माणूस बंद व्हायच्या वेळेला निघतो, बाई. इथे नुसतं अकरापासून लिहिलंय."

ते खरं होतं. बाकीच्या तिन्ही नोंदींच्या शेवटी तारीख होती, वेळ होती, सोमवारी सुट्टी होती. चौथीत माझे शब्द संपले होते.

"आणि बंद झाल्यावर?"

"दिवे जातात. मग आत जे राहील ते प्रदर्शनाचं."

तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की मी मान डोलावली. मग मला भीती वाटली आणि मी आत गेले.

पहिली खोली आमच्या बैठकीच्या खोलीएवढी होती. समोरच्या भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र, त्याच्या डाव्या हाताला पुढच्या खोलीत जायची वाट, आणि कोपऱ्यात टेबलावर अभिप्रायाची वही. चित्रात काय आहे हे मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे चौकटीत नुसता राखाडी रंग होता. वहीत आईचं अक्षर होतं. "सुरुवात चांगली. दहापैकी सात."

दुसरी खोली तेवढीच होती आणि चित्र थोडं मोठं. तिसरीत आणखी थोडं. प्रत्येक खोलीत वही होती आणि प्रत्येक वहीत आई होती. "रंग सपाट लागलाय, हात स्वच्छ आहे." "हे आधीचंच मोठं केलंय का?" मी वाचत वाचत पुढे जात होते आणि सुरुवातीला मला हायसंही वाटत होतं, कारण जिथे अक्षर आहे तिथून ती चालत पुढे गेली आहे.

आठव्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ चित्रासमोर उभे होते. त्यांनी मला ओळखलं. सदरावर माझा फोटो असतो.

"फार छान लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे निवांत वेळ काढून आलोय."

"काका, घरी जा."

"जायचंय ना. बंद व्हायची वेळ झाली की निघतो."

असे लोक पुढच्या प्रत्येक खोलीत होते. कुणी रडत नव्हतं, कुणी दार शोधत नव्हतं. एका बाईने पिशवीतून लाडू काढून नवऱ्याला दिला आणि दोघं राखाडी रंगाकडे बघत राहिले. मी त्यांना दंडाला धरून हलवलं तर ती म्हणाली, "तुम्हीच लिहिलंयत ना?" मी पुढच्या खोलीत गेले.

चित्र वाढत होतं आणि भिंत तेवढीच होती, म्हणून डावीकडची वाट आक्रसत होती. एकोणिसाव्या खोलीपासून मला आडवं होऊन जावं लागलं. चोविसाव्यातल्या वहीत आईने गुण दिलेले नव्हते. तिथे एवढंच होतं, "पाणी संपलं." सत्ताविसाव्यात होतं, "उजू, मागोमाग आली असलीस तर पुढे येऊ नकोस."

मी तिथेच भिंतीला टेकून खानविलकरांना फोन लावला. पाच वाजायला आले होते.

"चूक दुरुस्त करायची आहे. आजच्या चौथ्या प्रदर्शनाची वेळ राहिली."

"छापील पुढच्या मंगळवारी येईल. ऑनलाइन आत्ता टाकतो. किती वाजता बंद लिहू?"

मागे टाकलेल्या खोल्या मी मोजल्या. इथपर्यंत यायला दोन तास लागले होते. आई फार पुढे नसेल, असं मी धरून चालले. तिला गाठायचं आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं.

"सात," मी म्हणाले.

"सात. आणि बाई, एक ओळ उरतेय. चित्रं कशाची आहेत ते टाकू का? मूळ मजकुरात ते नाहीच."

त्या क्षणी माझं डोकं चाललं, असं मला वाटलं. "दारांची," मी म्हणाले. "दारांची चित्रं आहेत असं लिहा."

मी फोन ठेवला तेव्हा समोरच्या चौकटीत दार होतं. लाकडी, बंद, तपकिरी. मागच्या खोलीतल्या चित्रातही दार होतं, जरा लहान. लोकांच्या खिशांत, पर्समध्ये फोन वाजले. त्यांनी ते काढून पाहिले, एकमेकांना म्हणाले, "सातला बंद आहे," आणि निघाले. पुढच्या खोल्यांतूनही माणसं आडवी होऊन येऊ लागली. मी प्रत्येकाचा चेहरा बघत होते. शेवटी एक मुलगी आली, "शाळेतल्या बाईंसारख्या एक आजी पुढे आहेत," म्हणाली आणि घाईने निघून गेली.

आई नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई ऑनलाइन काही वाचत नाही. जे छापलेलं नाही ते तिच्या लेखी झालेलंच नसतं. तिच्या हातातल्या पुरवणीत अजून अकरापासूनच होतं.

मी धावू शकत नव्हते, वाटा तेवढ्या रुंद नव्हत्या. चौतिसाव्या खोलीपाशी फोन तेवढा हातात घेऊन पर्स खाली ठेवावी लागली. अडतिसाव्यापाशी श्वास सोडून छाती आत घ्यावी लागली आणि भिंतीने ब्लाउजचं एक बटण तोडलं. आईच्या वह्या चालूच होत्या. "आता दारं आली. दार काढणं सोपं नाही." अक्षर थकलं होतं, पण वळण सुटलं नव्हतं. मला त्या अक्षराचा राग आला. हिला बसून घ्यायला काय झालं होतं, परत फिरायला काय झालं होतं. पण मी लिहिलेलं अर्धवट सोडून ती कधीच परत आलेली नाही.

एकेचाळिसाव्या खोलीत ती होती. तिने बाटली काखेत धरली होती आणि ती चित्रासमोर उभी होती. चित्राने सगळी भिंत व्यापली होती, जमिनीपासून छतापर्यंत. डावीकडे वाट उरली नव्हती. त्यापुढे खोली नव्हती, कारण जिथून जायचं तिथेच चित्र होतं.

"सांगितलं होतं ना येऊ नकोस," ती म्हणाली.

"आई, चल. सातला बंद आहे."

"कुठे लिहिलंय?"

मी फोनवर दाखवलं. तिने चष्मा वर करून ते वाचलं, मग माझ्या फाटलेल्या ब्लाउजकडे पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं होती. परत जायला चार तास लागले असते. मी खानविलकरांना फोन लावला.

"वेळ बदला. रात्री बारा करा."

"दुरुस्तीची दुरुस्ती आपण करत नाही, गुप्तेबाई. तुम्हाला नियम माहीत आहे." तो माहीत होता. सदर लिहायला लागले तेव्हा मीच त्यासाठी भांडले होते. "शिवाय मी निघालोय," ते म्हणाले.

मी आईला सगळं सांगितलं: शनिवारचा चहा, तीस शब्द, नसलेली टिपणीस. खाली मान घालून सांगितलं, दारांचीही कल्पना माझीच म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. ती चित्राजवळ गेली आणि मुलांची चित्रं तपासायची तशी बोट न लावता त्यावरून बोट फिरवू लागली.

"बिजागऱ्या नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे चुकलंय?"

"चुकलं नाही. बिजागरी आपल्या बाजूला दिसत नाही, कडीही नाही. म्हणजे दार पलीकडे उघडतं. पलीकडच्याने उघडायचं."

"पलीकडे कोण आहे?"

"ते तू लिहिलं नाहीस."

खूप मागे, पहिल्या खोलीच्या बाजूला, कुणीतरी दिव्याचं बटण बंद केलं. आवाज अगदी स्पष्ट आला. मग दुसरं. मग तिसरं. वॉचमन घाईत नव्हता. एकेका बटणाबरोबर मागच्या फटींतून दिसणारा उजेड एकेका खोलीने कमी होत होता. मी मोजत होते. आई म्हणाली, मोजू नकोस.

तिने वही ओढली आणि चाळिसाव्या खोलीचा दिवा जाईपर्यंत काहीतरी लिहिलं. मग पेन्सिल केसांत खोचली आणि बोटांच्या सांध्यांनी चित्रावर दोनदा टकटक केली, शेजारणीच्या दारावर करतात तशी. लाकडाचा आवाज आला.

आमचा दिवा गेला. अंधारात दाराखाली उजेडाची एक रेघ राहिली. ती रंगवलेली नव्हती, कारण तिच्यात दोन पावलांच्या सावल्या आल्या आणि थांबल्या.

"कोण आहे?" पलीकडून विचारलं. आवाज बाईचा होता की पुरुषाचा ते मला कळलं नाही.

मी तोंड उघडलं. आईने त्यावर हात ठेवला, घट्ट, खडूचा वास येणारा कोरडा हात, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "गप्प राहायचं. अगदी गप्प." मग तिने मला आपल्या पाठीमागे भिंतीशी सारलं आणि वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात दाराला उत्तर दिलं.

"मी एकटीच आहे."

कडी सरकली. दार पलीकडे उघडायला लागलं आणि एका माणसापुरत्या रुंदीवर येऊन थांबलं.