किरकोळ यादीतला देव

"कापा! सगळ्यांदेखत कापा!" शिफू तेंग गरजला, आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कात्री चालवली. कळफलकाची वायर तुटली. तेंगने तो तुटका कळफलक संत्री आणि अननसाच्या केकांसोबत तबकात ठेवून वेदीवर चढवला.

"पाहिलंत? माउस नाही, कळफलक नाही, माणसाचा हात नाही. आता लिहील तो फक्त देव!"

तेंगच्या दुकानाच्या माडीवर दीडशे माणसं कोंबली होती. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. वेदीवर एक मोठा स्क्रीन, आणि खाली लाल कापडाने झाकलेली डबीएवढी संगणकाची पेटी. पेटीतून आवाज आला, पीप, पीप, पीप. माणसं गुडघ्यांवर आली. आणि काळ्या स्क्रीनवर सोनेरी अक्षरं एकेक करून उमटू लागली.

आमच्या बेइपू गावात देव पूर्वी वाळूवर लिहायचा. दोघं फांदी धरायचे, ती वळवळायची, तिसरा वाचायचा. लांबभुवया आजोबांनी, म्हणजे आमच्या या देवाने, आता काळानुसार सुधारणा करून घेतली होती. त्यांचा पुजारी तेंग, ज्याला सगळे शिफू, म्हणजे गुरुजी, म्हणत, हा दोन वर्षांपूर्वीपर्यंत पंजाने बाहुल्या उचलायची यंत्रं दुरुस्त करायचा. ज्या यंत्रात पंजा बाहुली धरतो आणि नेमकी शेवटच्या क्षणी सोडतो, तीच. शिकवणी चांगली झाली होती म्हणायची.

मला तिथे नेलं होतं लान-यिंगने. ती माझी शेजारीण, आणि शिंचू शहरातल्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथेच पॅकिंगला असते. तिच्या नऊ वर्षांच्या शिन-रूला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती. पण गोळ्यांनी पोर पेंगते, अभ्यासात मागे पडते, हे लान-यिंगला खात होतं.

नाव नोंदवायच्या टेबलावर तेंगची बायको चहा देत होती आणि गोड गोड बोलत होती. "काय त्रास आहे गं तुला, ताई? मन मोकळं कर." लान-यिंगने सगळं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे पुसले आणि म्हटलं, "माझा मुलगा गेला हो. बुडून." तेंगबाईने हळहळ केली आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं.

थोड्या वेळाने देवाने माझं नाव घेऊन लिहिलं, "फान युए-श्या, तुझा मुलगा माझ्यापाशी सुखात आहे. आता पाण्याची भीती नाही." लिहिताना एका अक्षराला देव चुकला, मागे आला, ते पुसलं आणि दुसरं लिहिलं. सर्वज्ञ असून शुद्धलेखन कच्चं!

मी उभी राहिले. "शिफू, माझं लग्नच झालेलं नाही. मुलगा कुठला?"

तेंगने डोळे मिटले. "गेल्या जन्मीचा," तो म्हणाला.

"आहाहा!" अख्खी माडी पुटपुटली. शेजारच्या बाईने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. खोटं उघड्यावर पडलं की श्रद्धा ढासळते असं मी समजत होते. कसली ढासळते! लोकांनीच तिला खालून टेकू दिला.

मग लान-यिंगची पाळी आली. "औषध विष आहे. आजपासून बंद. वेदीवरचं पाणी पाज."

जिना उतरताना मी तिचा दंड धरला. "वेडी आहेस का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही."

"तू त्याची चेष्टा केलीस ना, म्हणून तुला काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली छातीशी धरून निघून गेली.

सतरा दिवसांनी, बुधवारी, शाळेच्या तलावात पोहण्याच्या तासाला शिन-रूला फिट आली. बाईंनी कपड्यांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं, म्हणून वाचली. इस्पितळात लान-यिंग भिंतीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझीच श्रद्धा कमी पडली असेल."

मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. राग तिच्यावर नव्हता. मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं, आणि तरी ते उघड न करता मी घरी गेले होते.

कळलं कसं, ते सांगते. त्या लाल कापडाखालची पेटी कुठल्या बनावटीची, ते मी बाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यावरूनच ओळखलं होतं. तसल्या पेट्या लिफ्टमध्ये, तिकिटांच्या यंत्रात बसवतात. तिच्यातल्या प्रणालीचा गाभा तयार करणं हे माझं काम. गाभा बांधण्याआधी एक लांबलचक यादी समोर येते. कोणत्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, घ्यायचा, कोणता वगळायचा. प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. कळफलकाचा विभाग वेगळा, माउसचा वेगळा, स्पर्शपटलाचा वेगळा. आणि ज्यांना कुठेच जागा नाही त्यांचा एक विभाग शेवटी, नाव 'किरकोळ'. चालू-बंदचं बटण, आवाजाची चकती, पेटी कलली हे ओळखणारा संवेदक, पीप करणारी चिमुकली शिट्टी. आणि त्यातच एक ओळ अशी, की तिच्यामागे वस्तूच नसते. ती चालू केली की साधा प्रोग्रॅम स्वतःला कळफलक म्हणवून घेऊ शकतो. गाभ्याला वाटतं, कुणीतरी खरंच कळा दाबतंय. चाचणीसाठी फार कामाची सोय. तेंगसाठी तर पोटापाण्याची.

त्या रविवारी मी पिशवीत एक कळफलक आणि दोन पेनड्राइव्ह घेऊन गेले. लान-यिंगही आली, क्षमा मागायला म्हणून. सोबत शिन-रू होती, तलावाच्या काठावर आपटलेल्या कपाळावर पट्टी.

तेंगने दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'अभियंत्यांनी यावे, तपासावे.' शिंचूचे चार-पाच अभियंते येऊन, वायरी चाचपून, मान डोलवत गेले होते म्हणे. मी हात वर केला. "शिफू, मी अभियंता आहे. तपासू?"

"ये की ताई! वायरी मोज."

"वायरी नाही. पेटीलाच विचारते, तुला कोणकोणती उपकरणं जोडलीत." मी कळफलक बाहेर काढला.

"हां हां! अपवित्र वस्तू लावायची नाही! देव निघून जाईल!"

"कळफलकाला भिऊन?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. पण बरेच जण ओरडले, "बसा खाली! गेल्या वेळचीच बाई आहे ही!" दोघांनी माझी पिशवी ओढली.

तेव्हा लान-यिंग उठली. "लावू द्या तिला. माझी पोर बुडता बुडता वाचलीये. मला बघायचंय."

तिच्या हाताशी पट्टी बांधलेली मुलगी उभी होती. पिशवी सुटली.

मी कळफलक जोडला, आदेश दिला, स्क्रीनवर चार नावं आली. "मोठ्याने वाचते. एक, चालू-बंदचं बटण. दोन, मी आत्ता लावलेला कळफलक. तीन, पीप करणारी शिट्टी. आणि चार, 'चाचणी-कळफलक-३'. हा कुठे आहे शिफू? कापलेला तर तबकात आहे."

"ते... ते देवाचं आसन."

"देवाच्या आसनाचं नाव चाचणी-तीन? पहिली दोन मोडली वाटतं?"

आता हसू आवरेना लोकांना. मी पहिला पेनड्राइव्ह लावून पेटी पुन्हा सुरू केली. "पेटी तीच, प्रोग्रॅम त्यांचाच. फक्त गाभ्यात किरकोळ यादीतल्या दोन ओळी मी बंद केल्यात, शिट्टी आणि खोटा कळफलक. बोलवा देवाला."

तेंगने घंटा वाजवली. मंत्र म्हटला, मोठ्याने म्हटला, पाय आपटले. पीप नाही की अक्षर नाही. पाच मिनिटं दीडशे माणसं काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

"रुसला!" तेंग किंचाळला. "या बाईच्या पापाने देव गेला!"

"थांबा, बोलावते परत." मी दुसरा पेनड्राइव्ह लावून पेटी पुन्हा सुरू केली. "यात त्याच दोन ओळी चालू आहेत. बाकी काही बदल नाही."

सगळे वेदीकडे बघत होते. एकटी लान-यिंग वळली आणि नोंदणीच्या टेबलाकडे गेली. तेंगबाईचा अंगठा फोनवर तसाच थबकला होता.

"वहिनी, फोन द्या."

"अगं, माझा खासगी..."

"द्या म्हणते ना!"

तिने तो हातातून काढूनच घेतला. खाली मान घालून, एकेक अक्षर शोधत, काहीतरी लिहिलं. वेदीतून आवाज आला, पीप, पीप, पीप. आणि देवाच्या त्याच सोनेरी अक्षरांत स्क्रीनवर उमटलं:

"माझी शिन-रू पाण्यात बुडत होती तेव्हा तू काय करत होतास?"

कुणी गुडघ्यांवर आलं नाही. कात्रीवाला म्हातारा हळूच उठला, तबकातला तुटका कळफलक उचलून तेंगच्या मांडीवर ठेवला आणि जिना उतरून गेला. त्याच्यामागे बाकीचे.

महिन्याभरात तेंगने गाशा गुंडाळला. तलावाचा किस्सा कळल्यावर आरोग्य खात्याची माणसं आली, पण तो त्यांच्या आधीच निघून गेला होता. शिन-रूच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या, आणि पेंग कमी यावी म्हणून प्रमाण बदलून दिलं. ते आधीही करता आलं असतं. विचारायचं फक्त राहिलं होतं. गावात अजून काही जण म्हणतात, देव खरा होता, पुजारी तेवढा लबाड निघाला. त्यांच्यापुढे मी हात टेकलेत.

परवा लान-यिंगने विचारलं, "मी इतकी मूर्ख कशी गं झाले?"

"मूर्ख नव्हतीस," मी म्हटलं. "घाबरलेली होतीस. आणि तो तेच हेरत होता."

म्हणून एवढंच सांगते. पुढच्या वेळी अंधारात अक्षरं उमटली, मूर्ती घामेजली, बंद पेटी बोलली, तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कुठून आलं, कोणी केलं, आणि ते काढून घेतलं तर काय उरतं? उत्तर लगेच सापडणार नाही. न सापडलं तर 'मला माहीत नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण तोवर मुलीची गोळी चुकवू नका.