पेटीवरचा टॉवेल

रंभाबाई कॉलेजात आली ती सरळ पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.

शिपाई म्हणाला, "आज्जी, ती परीक्षक सायबांची खुर्ची हाय."

"मग त्यास्नी दुसरी आण की. एवढ्या मोठ्या इमारतीत एकच खुर्ची हाय व्हय?"

तसं कॉलेज काही मोठं नव्हतं. सोलापूरच्या कडेला माळावर दोन मजले, वर्गात मोजकी पोरं. बिराजदार सर प्रत्येकाला घरादारासकट ओळखत. शेवटच्या वर्षाचं काम बघायला त्यांनी घरच्यांनाही बोलावलं होतं.

रंभाबाईची नात पायल इलेक्ट्रिकलला होती, हॉस्टेलवर राहायची. तिनं एक डबी बनवून उजनीकाठच्या त्यांच्या मोटारीच्या पेटीत बसवली होती. मोबाइलवर बटण दाबलं की कुठूनही मोटार चालू. रंभाबाईचं हे साऱ्या काठाला ऐकवून झालं होतं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना थांबवून ऐकवलं होतं.

आज पहाटे एसटीला निघताना तिनं लेकाला बजावलं होतं, "कुंडल्या, धार बारीक येतीया. मोटारीच्या जाळीत जलपर्णी अडकलीया, पाण्यात उतरून काढ. पुण्याचा सायब बघणार हाय. करंगळीएवढी धार दावून माझं नाक कापू नगंस."

"दुपारच्याला हाय न्हवं परीक्षा? तवर काढतो की," कुंडलिक म्हणाला होता.

पण पुण्याच्या परीक्षक साहेबांना लवकर परतायचं होतं. आल्या आल्या त्यांनी पायललाच पुढं बोलावलं.

रंभाबाईनं खिडकीकडं बघितलं. ऊन अजून डोक्यावर यायचं होतं. दुपार कुठली? कुंडल्या अजून पाण्यातच असला तर? मग तिनंच स्वतःला दटावलं. काठावर जन्म गेला, रीत काय आज पडली? पाण्यात माणूस उतरला की त्याचा टॉवेल पेटीवर पडायचा. टॉवेल दिसला की भाऊबंदकीतला वैरीसुद्धा बटणाला हात लावत नसे. कुंडलिक टॉवेल टाकल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

पायलनं आईला व्हिडिओ कॉल लावला. मागच्या पडद्यावर केराबाई उमटली. ती काठापासून लांब, वर उसाच्या सरीत, पाइपाच्या तोंडाशी उभी होती.

"आये, पाइप दाव. हलू नको."

पायलनं बटण दाबलं. घटकाभर काहीच झालं नाही. पाइप दोनदा खोकला आणि पाणी भसकन बाहेर पडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान हलवली.

धार मांडीएवढी होती. म्हणजे जाळी साफ झाली होती. की होत होती?

रंभाबाई उठली. "केरे, कुंडल्या कुटंय?"

"खाली पाण्यात हायेत की, आत्या. जाळी काढत्यात. काळजी नगा करू, पेटीवर टॉवेल टाकूनच..."

बोलता बोलता केराबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिनं पाण्याकडं बघितलं. वर्गातल्या टाळ्या अजून चालूच होत्या.

"बंद कर!" रंभाबाई ओरडली. "पायले, बंद कर आदी! तुज्या डबीला टॉवेल दिसतोय व्हय गं?"

"आजी, एक मिनिट, अजून मार्क..." साहेब म्हणाले.

"मार्क घाला चुलीत! माझं लेकरू पाण्यात हाय!"

पायलनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तिकडं धार बारीक झाली, तुटली. पडद्यावर ऊस उलटापालटा व्हायला लागला. केराबाई मोबाइल हातात धरून पळत होती. माती दिसे, आभाळ दिसे, तिचा श्वास वर्गभर ऐकू येई. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. बिराजदार सर भिंतीला टेकले होते. पाण्यातल्या केबलला जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, मोटार चालू झाली की तिथनं पाण्यात करंट उतरायचा, हे त्या वर्गात आजी-नात दोघींनाच माहीत होतं. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

"आवं!" केराबाईची हाक गेली. "आवं, बोला की!"

पडद्यावर चिखल आला. त्यात कुंडलिक बसला होता, छातीपर्यंत भिजलेला. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडला होता. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, पण ते कुठं बघत होते कळत नव्हतं.

"त्येच्या कानाला लाव फोन," रंभाबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "कुंडल्या. बोल. शिवी दे, पण बोल."

फोनमधून धाप ऐकू आली.

"आये," कुंडलिक म्हणाला, "बोटं हलंनात... मोटार कुणी चालू केली?"

पायलनं तोंड उघडलं. रंभाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला, घट्ट.

"मी," ती म्हणाली.