हशाची जागा

"अंकल, थांबू नका ना!" कॅमेऱ्यामागून निनाद म्हणाला. "लाइन झाली की सरळ जेवायला बसा. इथे ऑडियन्स नाहीये."

वासुदेव ओशाळला. "सॉरी रे. सवय. त्या वाक्याला हशा यायचा."

यायचा म्हणजे, शारजात, रोल्ला भागातल्या हॉलचं छप्पर उडायचं. मूळ नाटक इंग्रजी, उत्तर इंग्लंडमधल्या एका गोदी कामगाराच्या घरचं. तिकडे त्यावर सिनेमाही निघाला होता. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंग सुपरवायझर असलेल्या वासुदेवने ते मराठीत आणलं, बापाचं काम स्वतः केलं, आणि तिथल्या मराठी मंडळातली माणसं पुढे कित्येक दिवस त्याला नाटकातल्या नावानेच हाक मारत राहिली. आता इथेच वाढलेला, फिल्म शिकणारा निनाद त्या मराठी नाटकाचा सिनेमा करत होता.

अर्धा सिनेमा झाला आणि मंदी घेऊन २००९ उजाडलं. क्रेन जागच्या जागी थांबल्या, वर्कशॉपला कुलूप लागलं, वासुदेवचा व्हिसा रद्द झाला. बायको, उर्मिला, मुलीला घेऊन आधीच पुण्याला गेली होती. त्याचं विमान उद्या सकाळी. म्हणून शेवटचा प्रसंग आज, सामान विकून मोकळ्या झालेल्या त्याच्याच फ्लॅटमध्ये. टेबल आणि ताटं-वाट्या अनुपमाने घरून आणल्या होत्या. ती एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट. नाटकात त्याची बायको, सिनेमातही.

"यल्ला, चला, रोलिंग!"

वासुदेव दारातून आत आला.

"आज लवकर?" अनुपमाने विचारलं.

"काम संपलं."

"आणि उद्याचं?"

"तेही संपलं. आमचा हात फार भरभर चालतो!"

आणि तो पुन्हा थांबलाच. खोलीत फक्त एसीची घरघर. अनुपमा हसायला गेली, पण तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने ओढणी तोंडाशी धरली.

"कट! आंटी, प्लीज! आता तुम्ही पण?"

"ते वाक्य काढून टाक ना, वासुदेव," ती म्हणाली. "आज नको ते."

"वाक्याने काय घोडं मारलंय? नोकरी माझी गेलीय, त्याची नाही." तो टेबलाशी जाऊन वाटी सरळ करू लागला. "तू माझ्याकडे बघूच नकोस. आमटीकडे बघ."

पुढच्या वेळी त्याने वाक्य सहज टाकलं, हशाला जागाच ठेवली नाही, आणि बसून भात कालवला.

"खलास! परफेक्ट, अंकल!"

दिवे विझले तरी वासुदेव जेवत होता. निनाद वायरी गुंडाळेपर्यंत त्याने ताट स्वच्छ केलं, मग सगळी भांडी बेसिनमध्ये घेतली.

"राहू दे, मी घरी घासेन," अनुपमा म्हणाली.

"उष्टी भांडी परत देतात का कुणी?"

टॉवेल बॅगेत गेले होते. तो एकेक भांडं सदऱ्याच्या टोकाने पुसून ओट्यावर ठेवत गेला. शेवटची वाटी पुसली आणि सवयीने वरचं कपाट उघडलं. आत काहीच नव्हतं. क्षणभर तो वाटी धरून तसाच उभा राहिला. मग कपाट हलकेच लावून त्याने ती अनुपमाच्या पिशवीत ठेवली.