शेवटच्या रांगेपर्यंत

साईरामने माइकचा स्टँड आणखी हातभर मागे सरकवला, काचेपलीकडच्या खोलीत जाऊन हेडफोन चढवला आणि बोटाने खूण केली.

वासुकीने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक आई दाराशी उभी होती. तिची मुलगी भांडून, बॅग उचलून घराबाहेर पडत होती. मालिका मूळची हिंदी. त्या आईच्या हलणाऱ्या ओठांवर वासुकीला तमिळ वाक्य बसवायचं होतं. वाक्य इतकंच होतं : जेवून जा.

ती ते म्हणाली.

काचेपलीकडे साईरामने हेडफोन कानांवरून ओढून काढला.

"अम्मा," स्पीकरमधून त्याचा तमिळ आवाज आला, "मुलगी दारातच आहे. नदीपलीकडे नाही गेलेली."

"मी हळूच म्हटलं की."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं आणि ते दृश्य पुन्हा सुरुवातीला नेलं. या वेळी वासुकीने आवाज अगदी खाली आणला. पण ती नाटकातली कुजबूज होती. रंगमंचावर राणी दासीच्या कानात सांगते आणि सगळ्या गावाला ऐकू जाते, तशी. पडद्यावरची आई बिचारी ओठ मिटून उभी राहिली होती आणि वासुकीचा शेवटचा शब्द अजून खोलीत रेंगाळत होता.

तिला दुसरं काही येत नव्हतं. विशीच्या आत ती नाटकमंडळीत शिरली, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांमधून बरीच कुजबूज झाली होती. आपल्यातली मुलगी, तमिळ नाटकात, गावोगावच्या जत्रांतून! पुढे तीच घरं तिचं नाव कौतुकाने घेऊ लागली. कावेरीकाठच्या गावांत तिचा राजमातेचा वेश ठरलेला होता. मुलाचं प्रेत दरबारात आणतात आणि राजमाता राजाला शाप देते, त्या प्रवेशाला लोक झोपलेल्या पोरांना हलवून उठवत. तेव्हा माइक वर तारेला टांगलेले असत; त्यांतला एखादाच चाले. बाजूला जनरेटरची घरघर. त्या सगळ्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हीच विद्या.

मग एका गावात रंगमंचाची फळी तिच्या पायाखालून निसटली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण काठीशिवाय चालणं आणि फार वेळ उभं राहणं संपलं. मंडळीने वर्षभर वाट पाहिली आणि राजमातेचं काम जननी नावाच्या मुलीला दिलं. साईराम चेन्नईतलं काम सोडून गावी परतला होता. कापडदुकानांच्या जाहिराती, देवळांच्या सूचना असलं काहीबाही ध्वनिमुद्रण करत होता. त्याने लहानपणी तिला रंगमंचावर पाहिलं होतं. मालिकेचं काम मिळताच तो स्वतः तिच्या घरी आला होता.

आता त्याला त्याचा पश्चात्ताप होत असावा, असं तिला वाटलं.

"थोडं थांबू या," तो म्हणाला.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. नवरा होता, रघुराम.

"हिंगाचा डबा कोठें आहे?" त्याने मराठीत विचारलं.

"वरच्या फळीवर बघा, डाव्या हाताला. झाकण लावून ठेवा, वास जातो. आणि माझी वाट पाहू नका. जेवून घ्या."

फोन ठेवून तिने वर पाहिलं, तर साईराम काचेला नाक लावून उभा होता.

"अम्मा, कोणाशी बोललात?"

"घरी."

"माइक चालूच राहिला होता." तो जरा ओशाळला. "ऐकवू?"

तिला कळायच्या आत खोलीत एका बाईचा आवाज उमटला. थोडा दमलेला. कडेला किंचित फाटलेला. हिंगाबद्दल सांगणारा. वासुकीने मान तिरकी केली. तिला आधी वाटलं, तिची आईच बोलते आहे. पण आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"मला भाषा कळली नाही," साईराम म्हणाला. "पण हा आवाज पाहिजे. त्या बाईला हा पाहिजे."

"यात काय आहे? असं तर कोणीही बोलेल."

"नाही बोलत, अम्मा. माइकसमोर आलं की नाही बोलत कोणी असं."

वासुकीने काठी उचलली. जिना उतरताना तिने साईरामचा हात धरला नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दात घट्ट आवळून बसलो आहोत. इतकी वर्षं कमावलेला आवाज त्या मुलाला नको होता. त्याला स्वयंपाकघरातली वासुकी हवी होती.

रघुराम जेवला नव्हता. शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून रसम तो करायचा, आणि ते चांगलं व्हायचं. त्याने दोन ताटं मांडली. बरंच जेवण झाल्यावर तिने विचारलं,

"तुम्हांला माझं नाटकातलं काम आवडायचं कां?"

"आवडायचं की." त्याने भातात रसम ओतलं. "भीती पण वाटायची."

"भीती कसली?"

"तित्तें रंगमंचावर उभी असायचीस ती कोण, मला माहीत नव्हती. सगळं गाव तिला ओळखायचं. मीच नव्हतो ओळखत."

त्याने तिच्या पानात आणखी भात वाढला, तिने "पुरे" म्हटलं, त्याने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाळलेले कपडे घडी करत तीच ओळ म्हणत बसली. भिंतीला म्हणाली, उशीला म्हणाली. तमिळमध्ये म्हटली की पाठीचा कणा आपोआप ताठ होई, छाती भरून येई आणि समोर अंधारात बसलेलं गाव दिसू लागे. तमिळमध्ये ती बाजारात बोलली होती, डॉक्टरांशी बोलली होती. तिथेही जरा रंगमंचावरच असल्यासारखी. मराठीत मात्र तिने कधी कोणाला काही करून दाखवलं नव्हतं. मराठीत तिने तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, मुलीच्या वेण्या घातल्या होत्या, नवऱ्याशी अबोला धरून तो मोडलाही होता. त्या भाषेला प्रेक्षक नव्हते.

तिच्या हातातला रघुरामचा सदरा घडी न होता तसाच राहिला.

त्या आठवड्यात ती पुन्हा साईरामकडे गेली. या वेळी तिनेच त्याला स्टँड जवळ आणायला लावला, अगदी हनुवटीपाशी.

"आधी मी माझ्या भाषेत म्हणेन," ती म्हणाली. "ते नंतर कापून टाक."

पडद्यावरची मुलगी बॅग घेऊन निघाली. वासुकीने डोळे खाली ठेवले.

"जेवून जा," ती मराठीत म्हणाली. आणि तोच श्वास संपायच्या आत, त्याच मापाने, तमिळमध्ये.

साईरामने खूण केली नाही. तो पाठमोरा झाला आणि ते वाक्य त्याने पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग स्पीकरमधून म्हणाला, "पुढचं वाक्य घेऊ, अम्मा."

सगळं लगेच जमलं असं नाही. रागाच्या प्रसंगात तिचा आवाज उसळून जुन्या जागी जाई. रडताना ती अजून गावाला ऐकवून रडे. साईराम कंटाळत नसे. दृश्य मागे नेई, पुन्हा लावी. ती हसण्याचे प्रकार शिकली, पाणी पिताना बोलायला शिकली, काही न बोलता नुसता श्वास ओठांवर बसवायला शिकली. हळूहळू आधीची मराठी ओळ मनातल्या मनात म्हणून भागू लागलं. तोवर साईरामलाही बरीच मराठी वाक्यं पाठ झाली होती. एकदा ती घरी निघाली तर तो जिन्यावरून ओरडला, "जेवून जा!" आणि ती हसून खरोखर पुन्हा वर आली, कारण त्याच्या बायकोने इडल्या पाठवल्या होत्या.

पहिल्या मालिकेनंतर दुसरी आली. मग एका कार्टूनमधली म्हातारी कासवीण आली, मग चेन्नईहून एका चित्रपटाचं काम. रिक्षात, औषधांच्या दुकानात, ती बोलू लागली की लोक वळून पाहत. चेहरा ओळखीचा नसे. आवाज कुठेतरी, रोजच्या जेवणाच्या वेळी ऐकलेला. पूर्वी लोक तिच्यासमोर हात जोडत. आता एखादी बाई सरळ आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागे. वासुकीला आधी ते कमीपणाचं वाटलं. मग ती ऐकून घेऊ लागली.

जत्रांचा मासी महिना लागला आणि अमरसिंह घरी आला. नाटकमंडळी त्याची. तोही त्याच मराठी गल्लीतला, तिच्याहून मोठा; ती त्याला अण्णा म्हणे. कॉफीचा पेला हातात घेऊन तो बराच वेळ हवेपाण्याचं बोलला.

"जननीला कावीळ झाली आहे," शेवटी तो म्हणाला. "पापनाशमची जत्रा तोंडावर. गाव म्हणतंय, राजमाता वासुकी असेल तर नाटक, नाहीतर आर्केस्ट्रा आणतो."

"अण्णा, मी उभी राहू शकत नाही."

"सिंहासनावर बसून कर. मरू दे ते उभं राहणं. तुझा आवाज आहे ना!"

तिने रघुरामकडे पाहिलं. तो पेपरात डोकं घालून बसला होता. पान मात्र कधीचंच उलटलं नव्हतं.

"विचार करते," ती म्हणाली.

अमरसिंह गेल्यावर तिने दार लावलं, खुर्चीत ताठ बसली आणि शापाची पहिली ओळ म्हणून पाहिली. पूर्वीसारखी, पूर्ण ताकदीने. अर्ध्या वाटेत श्वास संपला. आवाज चिरकला आणि तिला खोकल्याची उबळ आली. रघुराम पाणी घेऊन आला.

"नक्को वाटलं तर नक्को जाऊस," तो म्हणाला.

ती पाणी प्यायली. "साडी कुठली नेऊ, ते सांगा."

पापनाशमला देवळामागच्या मैदानात मांडव घातला होता. दिवे नुकतेच लागले होते. पुढे पोरं, मग बायका, मग पुरुष, आणि पार मागे गाड्यांच्या उजेडात उभे राहिलेले लोक. खेळण्यांच्या पिपाण्या वाजत होत्या. मागे एक शेंगदाणेवाला कढईवर झारा आपटत होता, टणटण, टणटण. माइक आता तारेला टांगलेले नव्हते. सिंहासनासमोर एक बारीक स्टँड उभा होता.

मुलाचं प्रेत आणलं. पांढऱ्या कापडाखाली मंडळीतला एक तरुण नट होता. त्याचा एक पाय कापडाबाहेर राहिला होता, तळवा मातीने माखलेला. वासुकीने तो पाय पाहिला. इथे राजमातेने उठायचं, हात आभाळाकडे न्यायचे, आणि पहिल्या शब्दानेच मांडव हादरवायचा. हार्मोनियमचा सूर चढत गेला आणि थांबला.

ती उठली नाही. ती वाकली, आणि कापड ओढून तिने तो पाय झाकला.

"ऊठ," ती तमिळमध्ये म्हणाली. "किती वेळ झोपशील?"

इतक्या हळू, की आपण बोललो की नाही, तिलाच कळलं नाही. कर्ण्यांतून ते शब्द मैदानावर गेले आणि कोणाच्या तरी हसण्यात बुडाले. विंगेत अमरसिंहने दोन्ही तळवे वर उचलले : मोठ्याने! मोठ्याने! तिला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांकडे पाहू लागली. अजून वेळ गेलेली नव्हती. छाती भरून घेता आली असती, निदान एका वाक्यापुरती.

तिने तो श्वास घेतला, आणि सोडून दिला.

"दरबार भरला आहे," ती त्या कापडाला म्हणाली. "सगळे बघताहेत. तू असा निजलेला, बरं दिसत नाही."

एका बाईने आपल्या पोराच्या हातातली पिपाणी काढून घेतली. तिच्या मागून कोणीतरी "श्श" केलं. तो आवाज मागे मागे सरकत गेला, पुरुषांच्या रांगांपर्यंत, गाड्यांपर्यंत. कढईवरची टणटण आणखी थोडी चालली. मग एकदम थांबली.

अमरसिंहचे तळवे अजून वरच होते. ते त्याने हळूहळू खाली घेतले आणि वळून हार्मोनियमवाल्याच्या हातावर हात ठेवला.

राजाचं काम करणारा नट पुढच्या वाक्याची वाट पाहत तिच्याकडे बघत होता. वासुकीने तोंड उघडलं, तेवढ्यात मैदानाच्या मागच्या बाजूला हालचाल झाली. उभ्या असलेल्या बायकांनी आपल्या चटया काखेत मारल्या होत्या आणि वाकून, पाऊल न वाजवता, त्या रांगांमधून पुढे येत होत्या. पुरुष गुडघे मिटून त्यांना वाट देत होते. रंगमंचाच्या अगदी पायाशी जागा करून एकेक चटई अंथरली जात होती.

त्या सगळ्या बसेपर्यंत वासुकी थांबली.